समुद्रात पाय नको

विंचू माझ्या घोट्यावरून वर चढत होता आणि मला हलायची मुभा नव्हती, कारण मी सह्याद्री होते. विंचू तांबडा होता. आमच्याकडे काळ्या विंचवाला फारसं कोणी भीत नाही, तो नुसता ठणकवतो. माणूस जातो तो तांबड्याने. आदल्याच वर्षी आमच्या आळीतली एक नवी सून गवताचा भारा उचलताना तशीच गेली होती. समोर शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते, सतरंजीवरचे मास्तर लोक पूर्ण उठले होते, आणि आमचे उभे गुरुजी हातातल्या काठीसकट थिजले होते. विंचू सगळ्यांना दिसत होता. तरी पुढे कोणी येईना, कारण मध्ये अरबी समुद्र होता.

समुद्र म्हणजे काय, तर मारुतीच्या देवळाशेजारचं आमच्या शाळेचं अंगण. चुलीतली राख डब्यातून आणून गुरुजी अंगणात किनाऱ्याची रेघ ओढायचे. रेघेच्या पूर्वेला जमीन, पश्चिमेला समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडच्या कडेलाही तशीच रेघ. त्यांचा एकच कडक नियम होता, "समुद्रात पाय नको." ज्याचा पाय पडला तो बुडाला. बुडालेल्याने पाठ संपेपर्यंत ओट्यावर बसून राहायचं. भूगोलाच्या तासाला बसणं ही शिक्षा होती.

म्हणून तर आमच्या कुळगावात, म्हणजे बदलापुरात, त्यांना उभे गुरुजी म्हणत. बदलापूर तेव्हा एवढंसं होतं, कोणाचंही नाव पडायला वेळ लागत नसे. माणूस देशावरचा, काटकुळा, धोतर नेहमी गुडघ्याच्या जरा खाली. इतिहास, गणित बसून चाले, पण भूगोल आला की सगळा वर्ग अंगणात उभा. "बसलेल्या पोराचा भूगोल मांडीतच राहतो, डोक्यापर्यंत चढत नाही," असं ते म्हणायचे. शाळेला सरकारने एक भिंतीवरचा नकाशा दिला होता. तो त्यांनी कधी उलगडला नाही. "टांगलेला नकाशा म्हणजे वाळत घातलेलं धोतर. बघून काय कळणार?" पुढे त्या नकाशाच्या गुंडाळीत उंदरांनी पिल्लं घातली. एवढाच त्याचा उपयोग झाला.

दिशांचं तर त्यांना वेडच होतं. पोरगं पडून गुडघा फोडून आलं, तर इतर मास्तर फुंकर घालतील. हे विचारायचे, "कुठल्या दिशेला पडलास?" पोरगं रडत रडत सूर्य शोधायचं, सावली बघायचं, आणि "आग्नेयेला" म्हणेपर्यंत रडणं विसरून जायचं. मग म्हणायचे, "आता जा, धुऊन ये. विहीर कुठं?" "उत्तरेला." बाई पाणी भरायला यायच्या, तेव्हा आमच्या आईजवळ तक्रार करायच्या. बाई म्हणजे गुरुजींची बायको. "यांना ताटात मीठ वाढलं तरी म्हणतात, मीठ वायव्येला पाहिजे. मी म्हटलं, मग वायव्येलाच जेवा." आमच्या आईला वायव्य म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ती पोट धरून हसायची.

मी वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत आडवी. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी सह्याद्री. माझी मैत्रीण गोदावरी. तिचं खरं नाव दुसरंच होतं, पण ती शेवटपर्यंत गोदावरीच राहिली. ती माझ्या पाठीशी उकिडवी बसायची आणि तिथून पूर्वेकडे सरकत जायची. एका पोराला ढग केलं होतं. समुद्रात चालायची परवानगी फक्त ढगाला. तो झाडांना पाणी घालायची झारी घेऊन पश्चिमेकडून यायचा, माझ्यावर आपटायचा आणि सगळं पाणी माझ्या पोटावर ओतायचा. "कोकण भिजलं का?" गुरुजी ओरडायचे. "भिजलं!" "आता सह्याद्रीची पाठ बघा." पोरं माझ्या पाठीला हात लावून बघायची. कोरडी. "तो माझा देश," गुरुजी म्हणायचे. "तिथं आम्ही पावसाची वाट बघत बसतो, आणि इथं तुमचं पोट फुगलेलं." मी पुढे कधी भूगोलाचं पुस्तक उघडलं नाही, पण कोकणात पाऊस का आणि देशावर दुष्काळ का, हे मला आजही पोट आणि पाठ आठवून सांगता येतं.

घरी गेलं की आई विचारायची, "काय गो, आज काय झालीस?"

"सह्याद्री."

"मंग त्या सह्याद्रीला सांग, परकर वाळत घाल आन् चूल पेटव."

हे सगळं असंच चाललं असतं, पण गुरुजी अनट्रेंड होते. ट्रेनिंग कॉलेजात न गेलेल्या मास्तरांना सरकार आता ठेवणार नाही, अशी बातमी आली. ट्रेनिंगला धाडण्याजोगा कोण, ते दिपोटी साहेब ठरवणार. त्यासाठी मास्तरांच्या बैठकीत सगळ्यांसमोर नमुन्याचा पाठ घेऊन दाखवायचा. पाठ साहेबांना पटला तर ट्रेनिंग आणि मग कायमची नोकरी, नाहीतर देशावर परत, जिथे त्यांची जमीन होती पण पाणी नव्हतं. बाईंच्या मांडीवर तेव्हा तान्हं मूल होतं. हे आम्हा पोरांनाही माहीत होतं, कारण गुरुजींनीच सांगितलं होतं. लपवाछपवी त्यांना जमायची नाही. "उद्या सह्याद्री हलला, की मी हललो," असं मला आदल्या दिवशी म्हणाले.

आणि मग त्यांनी एक शहाणपणा केला. रोज मी नुसती मातीत उभी राहायची. साहेबांसमोर डोंगराला पायथा हवा, असं त्यांच्या डोक्यात आलं. सकाळीच पोरांना शेताच्या बांधावर पिटाळलं आणि दगड आणवले. माझ्या पायांभोवती दगडांची छान रास रचली. होळी होऊन गेलेली, ऊन तापायला लागलेलं. बांधावरच्या दगडाखाली काय असतं हे कुळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण गुरुजी देशावरचे आणि आम्ही आज्ञाधारक.

मास्तर लोक आले. अंबरनाथचे आले, कल्याणकडचे आले, आणि कॅम्पातून एक सिंधी मास्तर आले. उल्हासनगरला तेव्हा आम्ही कॅम्पच म्हणायचो. फाळणीनंतर आलेली ती माणसं मिलिटरीच्या बराकीत राहायची आणि शाळाही बराकीतच भरायची. सिंधी मास्तर गोरे, जाड मिशांचे, पायात भक्कम चामडी जोडे. मराठी त्यांना अर्धी समजायची. अंगणातली राखेची रेघ बघून त्यांनी विचारलं, "गुरुजी, इसमें मेरा कराची किधर?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ते आता आपल्यात नाही. आमच्या गुरुजींनी काठीने अंतर धरलं, वायव्येकडे बघत बघत अंगणाच्या बाहेर गेले आणि शेजारच्या पेंढ्याच्या उडवीपाशी थांबले. "हे. इथं येईल. या, उभे राहा." माणसाला उभं केल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. सिंधी मास्तर खरंच गेले आणि पेंढ्याला टेकून उभे राहिले. बाकीचे मास्तर हसले. ते हसले नाहीत.

साहेबांची खुर्ची पश्चिमेला चिंचेखाली ठेवली होती, म्हणजे समुद्रापलीकडे. ते खुर्चीकडे निघाले तर बूट रेघेच्या आत.

"साहेब, समुद्र!" गुरुजी ओरडले. साहेब दचकले, बूट मागे घेतला आणि निमूटपणे वळसा घालून खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग मास्तरांची सगळी रांगही किनाऱ्याने गेली. आम्हाला फार मजा वाटली.

पाठ सुरू झाला. पोरं फाडफाड उत्तरं देत होती. ढग आला, झारी माझ्या पोटावर रिकामी केली, पाणी परकरावरून ओघळून दगडांत शिरलं. आणि दगडांतून तो बाहेर आला. पाण्याने खवळलेला, नांगी वर केलेला. माझ्या पावलावर चढला.

मी हलले नाही. लोक अजून विचारतात, का हलली नाहीस? हलले असते तर त्याने डंख मारला असता. एवढं कळायला भूगोल लागत नाही. गुरुजींची नोकरी आठवत होती का, हेही विचारतात. होती. दोन्ही एकदम आठवत होतं.

गोदावरीने आधी पाहिलं. "गुरुजी, इंचू!"

गुरुजी किनाऱ्याच्या उत्तर टोकाला होते. त्यांनी बघितलंच नाही. "गोदावरी, तू वाहा, बोलू नको."

"अवो गुरुजी, सह्याद्रीवर इंचू!"

मग पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. ढग झारी टाकून पळाला. साहेब अर्धे उठले. मास्तर लोक रेघेपर्यंत आले आणि तिथेच अडले. सकाळपासून जे डोक्यात भरवलं होतं ते एवढं पक्कं बसलं होतं, की राखेच्या रेघेपुढे एकाचाही पाय उचलेना. आणि गुरुजी? गुरुजी धावले, पण किनाऱ्याने. सगळा वळसा घेऊन, रेघेला पाय न लावता. आजही ते धावणं आठवलं की मला हसू येतं.

समुद्रातून आला तो एकटा माणूस. पेंढ्यापासून सरळ, हातात जोडा घेऊन, मध्ये काही नाहीच अशा पावलांनी. दोघं एकदमच पोचले. विंचू माझ्या पोटरीपर्यंत आला होता. जोडा मारायची सोय नव्हती. गुरुजींनी उघड्या हाताने तो उडवला. उडता उडता त्याने त्यांच्या बोटाला डंख मारला आणि कोकणात पडला. सिंधी मास्तरांनी जोड्याखाली त्याचा चेंदा केला.

गुरुजींनी बोट घट्ट दाबून धरलं होतं. चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांच्या तोंडून निघालं काय, तर, "अहो मास्तर, समुद्रात पाय..."

सिंधी मास्तर जोडा पायात घालत म्हणाले, "गुरुजी, हम तो आये ही समुंदर से. जहाज से."

मग गुरुजी आमच्याकडे वळले. "विंचू कुठल्या दिशेला पडला?"

"पश्चिमेला!" सगळा वर्ग ओरडला.

"बरोबर," म्हणाले आणि खाली बसले. दख्खनच्या पठारावर, मातीत. त्यांना बसलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. तेव्हा कुठे मी रडले.

गुरुजींना घाम सुटला, अंग गार पडायला लागलं. बाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "अहो, कुठं दुखतंय?"

"पूर्वेचा हात," गुरुजी म्हणाले.

"आहेत हो शुद्धीवर," असं म्हणून बाईंनी पदर तोंडाला लावला.

आमच्या बाने बैलगाडी जुंपली. साहेब स्वतः गाडीत बसले, सिंधी मास्तर गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि अंबरनाथच्या दवाखान्यात नेलं. ते जगतात की जातात, हे काही दिवस कोणी सांगेना. आई रोज माझा परकर झटकून बघायची आणि बाईंच्या घरी भाकरी पाठवायची.

जगले. हात गळ्यात बांधून परत आले. आणि साहेबांनी काय सांगितलं, तर पाठ अपुरा राहिला, पुन्हा घ्यावा. सरकारी माणूस, त्याला तरी काय बोलणार. एक दिवस गुरुजी आमच्या ओटीवर आले. बाने त्यांना बसायला घोंगडी टाकली. ते उभेच राहिले.

"गुरुजी, तुमचे उपकार हायेत," बा म्हणाला. "पन आता आमची पोर डोंगर नाय व्हायची."

"बरोबर आहे तुमचं. मी तेच सांगायला आलो. गोदावरीला उभी करतो."

"ती हलते," मी आतून म्हणाले.

बाने वळून माझ्याकडे बघितलं. मग गुरुजींना म्हणाला, "दगड नाय पायजेत."

"दगड नाहीत," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्यांदा मी मातीत उभी राहिले. गुरुजींनी काठी डाव्या हातात धरली होती, उजवा अजून कापत होता. ढग आला, पोट भिजलं. या वेळी साहेब खुर्चीतून उठले, किनाऱ्याने वळसा घालून माझ्या मागे आले आणि माझ्या पाठीला तळवा लावून बघितला. "कोरडी आहे," म्हणाले. आयुष्यात सरकारकडून माझी दखल घेतली गेली ती एवढीच.

गुरुजी ट्रेनिंगला पुण्याला गेले. जायच्या आधी बाला सांगून गेले, "हिला पुढे शिकवा." बा म्हणाला, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. चौथी झाली आणि माझी शाळा संपली. निघायच्या दिवशी स्टेशनवर गुरुजींनी मला विचारलं, "मी कुठल्या दिशेला चाललो?"

"आग्नेयेला."

"बरोबर." एवढंच बोलले आणि गाडीत चढले. आत जागा रिकामी होती. बसले नाहीत.

ते परत आमच्या शाळेत आले नाहीत. मास्तरांना शिकवणारे मास्तर झाले, असं कानावर आलं. पुष्कळ वर्षांनी आमच्या शाळेत एक तरुण बाई नेमणुकीवर आल्या. पोरांना अंगणात उभं करून नदी शिकवत होत्या. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. पोरांनी दगड आणले. बाईंनी काठीने एकेक दगड उलटा केला, खाली बघितलं, मगच पोरांना हात लावू दिला. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाल्या, "आजी, ट्रेनिंगला सांगतात. आधी दगड उलटून बघा, मग डोंगर रचा."

गुरुजी म्हातारे होऊन, अंथरुणात, आजाराने गेले. सिंधी मास्तरांनी कॅम्पात नातवंडं पाहिली. त्या दिवशी नकाशावर मेला तो विंचू. बाकी आम्ही सगळे जगलो.