एकेचाळिसावा दिवस

"आमच्या घराण्याचं रगात तुज्यात कुठनं आलं रं? आयला इचारलंस का कदी?"

साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आबा हे बोलले. माझ्या दंडावर अजून कापूस होता. पाचच मिनिटांपूर्वी त्यांच्या लेकीसाठी रक्ताची पिशवी भरून देऊन मी बाहेर आलेलो. बाकावरचे पाहुणे हसले. आबांचा पोरगा तर मांडीवर थाप मारून हसला.

मीपण हसलो.

हे आधीच सांगून टाकतो, उगाच मागाहून शूरपणा नको. आबा काय बोलले ते कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. माझी आई तीस वर्षं त्यांच्या उसात भांगलायला गेली. तिच्या पोराला असा प्रश्न विचारला की त्याचा अर्थ काय, ते शेंबड्या पोरालापण कळतं. तरी दात काढले. आबा विनोद करणार आणि आमच्या बौद्धवाड्यातला माणूस हसणार, ही सवय. अंगात मुरलेली.

माझा रक्तगट बॉम्बे. नाव मुंबईचं, पण असली माणसं आमच्या सातारा-सांगलीकडंही सापडतात, हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. साध्या तपासणीत हा गट ओ दिसतो. पण ओ समजून ओचं रक्त चढवलं तर माणूस जायचा. ह्या गटाला ह्याच गटाचं लागतं. मला ते आयटीआयला असताना शिबिरात कळलं. तेव्हापासून ह्या गटाच्या रक्तदात्यांच्या यादीत माझा नंबर आहे. इस्लामपुरात माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. फोन आला की शटर खाली ओढायचं आणि निघायचं. मिरज, कराड, एकदा तर पार पुणं. कुणाला देतोय, कुठल्या जातीचा, कधी विचारलं नाही. घेणाऱ्यानंही कधी विचारलं नाही. जीव जायला लागला की कोण विचारतंय!

आबांच्या लेकीला आम्ही ताई म्हणतो. सासर सातारा. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा तिचा गट कळला, आणि मला बोलावलं. त्याच दिवशी तिथल्या रक्तपेढीतल्या मॅडम आबांना म्हणाल्या होत्या, "हा काही आजार नाही. सख्ख्या भावाचं तपासून घ्या, चारात एखाद्याचं जुळतं. पुढं उपयोगी पडेल."

आबांनी हात झटकला. "त्याची सोयरीक चाललीया. पोराच्या रगतात खोट हाय म्हनून बोभाटा करू व्हय?"

लेक दिलेली होती, तिच्या रक्तात खोट निघाली तर निघाली. पोराची झाकायची. माझ्या रक्ताचं काय, ते पिशवीत भरून घ्यायला चालतं.

घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. मी सांगणार नव्हतो, पण ती काढून घेते.

"आनि तू काय म्हनलास?"

"काय न्हाई. हसलो."

तिचा हात सुपात थांबला. तिनं वर बघितलं नाही. "हात धू. जेवाय वाढते," म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं महिनाभर अंगात त्राण नव्हतं. मोटर उचलताना डोळ्यापुढं अंधारी यायची. आई बीट उकडून द्यायची, मी गिळायचो. अन् एकेचाळिसाव्या दिवशी दुकानापुढं पांढरी गाडी उभी राहिली. आबांचा पोरगा.

"चल. ताईला सांगलीत आनलंय, विश्रामबागंत. परत रगात जातंय. पिशवी काडायची हाय गर्भाची. तुजं रगात हाताशी असल्याबिगर डॉक्टर हात लावत न्हाईत."

"मधी तीन महिने जावं लागतात, मालक. आत्ता कुठं एक्केचाळीस दिवस झालं."

"ते साताऱ्याला झालं. हितं कोन बगतंय? चार म्हैनं झालं म्हनायचं."

"तुमचं तपासलं का?"

"आठ दिसांवर साखरपुडा आलाय. डोस्कं खाऊ नगंस."

तरी गाडीत बसलो. ताईनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. तिचं बाळ दीड महिन्याचं. आष्टा मागं पडेपर्यंत मी खिडकीतनं बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो, एवढ्या खेपेला देऊ, मग नाही. असं किती वेळा म्हणालो असेन आयुष्यात, देव जाणे.

रक्तपेढीत चष्मेवाल्या बाईंनी फॉर्म पुढं सरकवला. नाव, वय, वजन, कावीळ झाली होती का. मग तो रकाना. यापूर्वी रक्तदान कधी केलं? आबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले. "ल्ही की. चार म्हैनं."

पेन हातात. डोळ्यापुढं मात्र आईचा सुपातला हात. थांबलेला.

मी खरी तारीख लिहिली.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. "एक्केचाळीस? मग नाही घेता येणार. तुम्हीच पडाल की हो चक्कर येऊन."

आबा मध्येच बोलले, "बाई, आमच्या घरचाच मानूस हाय. त्याची काय हरकत न्हाई. मी करतो सही."

घरचाच! साताऱ्यात रक्त कुठनं आलं म्हणून हसत होते. सांगलीत घरचा झालो.

बाईंनी आबांकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "तुमची हरकत नाही?"

"हाय."

एवढंच बोलायला माझी चौतीस वर्षं गेली. आवाज फाटका निघाला. पण निघाला. "माझी हरकत हाय. आधी ह्यांचं तपासा, सख्खा भाऊ हाय तिचा. आनि यादीतल्या बाकीच्यांना फोन लावा. नंबर मी देतो."

आबा उठले. "पोरगी मरंल माजी! पाप घेनार हाईस डोक्यावर?"

घाबरलो. खोटं कशाला बोलू? ताईचं बरंवाईट झालं असतं तर गाव म्हणालं असतं, ह्यानं मारली. मीपण म्हणालो असतो. तरी बोललो, "ती मरू नये म्हनूनच सांगतोय. चाळीस दिवस होतं तुमच्याकडं, आबा."

कोपऱ्यात ताईची आई बसली होती. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, नवऱ्यापुढं कधी बोलली नाही, अशी बाई. ती उठून पोरापाशी आली. "हात फुडं कर," म्हणाली. आबांकडं तिनं बघितलंपण नाही.

पोरानं बाही वर केली.

जुळलं. तोच गट.

सख्ख्या नात्यातलं रक्त सरळ चढवत नाहीत. त्यावर आधी मशीनमधनं किरण सोडावे लागतात, नाहीतर तेच अंगावर उलटतं. पिशवी पुण्याला पाठवून परत आणावी लागली. साताऱ्यात तपासलं असतं तर ही धावपळ आधीच ठरवून झाली असती. तो सबंध दिवस ताईचा जीव टांगणीला, आणि आमचाही. मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून यादीतल्या एकेकाला फोन लावत होतो. पिशवी आली. ऑपरेशन झालं. ताई वाचली.

व्हरांड्यात आबा समोर आले. माझ्या जिभेवर त्यांचाच प्रश्न आला होता. माझं रक्त तुमच्या घरात कुठनं आलं, आबा? विचारलंय का कुणाला? पण मागं बाकावर ताईची आई होती. प्रश्न आबांना लागला नसता, तिला लागला असता. गिळला.

आबा एवढंच म्हणाले, "पोराचं भाईर बोलू नगंस."

आता त्यांच्या मोटारी रिवायंडिंगला दुसरीकडं जातात. गावात म्हणतात, माजलाय. म्हणू देत. दमलोय मी. सगळ्यांना समजावत बसायला अंगात रक्त उरलेलं नाही.

परवा तीन महिने भरले. फोन येईल. आबांच्या घरचा आला तरी जाईन, पण त्यांच्या गाडीतनं नाही. एसटीनं जाईन. फॉर्म मी भरणार, तारीख खरी लिहिणार. आणि व्हरांड्यात परत कुणी माझ्या आईवरनं बोललं, तर त्याच्यापुढं उभा राहून म्हणणार, पुन्हा बोला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग आत जाऊन रक्त देईन. पेशंटनं काही माझं घोडं मारलेलं नसतं.

पण हसणार नाही.