स्कॉटलंडच्या झऱ्यावर बांधलेली चिंधी

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर गंगापूर रोडच्या मागं भाजीपाला पिकवला, पण कुणाला विचारून एक वाफा केला नाही. गेल्या उन्हाळ्यात लेकीनं तिच्याकडं स्कॉटलंडला नेलं. तिचं गाव आपल्या नांदगावच्या पावपट. नदीवर दगडी पूल, चौकात दगडी खांब. पूर्वी त्या खांबाभोवती मेंढ्यांचा बाजार भरायचा. लोकरीची गिरणी होती, ती बंद पडून तिथं आता चहाचं दुकान चालतं. पडका किल्ला बघायला माणसं तिकीट काढून येतात. मी म्हणालो, "आपल्याकडचे किल्ले याच्या दसपट." लेक म्हणाली, "मग हा चढून दाखवा की आप्पा." निम्म्यात दम लागला.

गावाबाहेर झाडीत एक झरा आहे. तिथल्या फांद्यांना शेकडो चिंध्या लटकलेल्या. शेजारची म्हातारी आम्हाला घेऊन गेली होती. लेकीनं सांगितलं, आजारी माणसाचं फडकं झऱ्यात बुडवून इथं बांधतात, लय जुनी रीत आहे. ती पुढचं सांगायला लागली, तर मी म्हणालो, "नवस मला शिकवती का?"

बायकोला कंपवात. तिला सुनेजवळ ठेवून आलो होतो. विमानतळावर ओळखू यावी म्हणून माझ्या पिशवीला तिनं आपल्या नायलॉनच्या लाल साडीची पट्टी बांधून दिली होती. ती सोडली, बुडवली आणि टोमॅटोची सुतळी बांधतो तशी पक्की गाठ मारली.

म्हातारीनं पट्टी बोटांत चोळून पाहिली, लेकीशी काहीतरी बोलली. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आप्पा, फडकं कुजावं लागतं. ते कुजेल तसा आजार जातो."

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही सांगू दिलं का?"

"चल माघारी, सोडतो."

"काढणाऱ्याला तो आजार लागतो म्हणतात."

गाडी वळव, एवढंच म्हणायचं होतं. ते काही मी म्हणालो नाही. शेतातून मल्चिंगचा प्लास्टिक कागद वर्षानुवर्षं उपटत आलेला मी. नायलॉन कुजत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं.

आता बायकोला घास मीच भरवतो. डॉक्टर म्हणतात, हा आजार असाच वाढत जातो. चिंधीचा काही संबंध नाही, मलाही कळतं. तरी लेकीला फोटो पाठवायला सांगतो. बाकीच्या चिंध्या विटून गळायला आल्यात. आमची तशीच लाल. बायकोनं एकदा फोटो बघितला, म्हणाली, "अहो, माझ्या साडीचा रंग नाय गेला बघा." तिला मी रीत सांगितलेली नाही.

परवा लेक फोनवर म्हणाली, "मी कात्रीनं कापून टाकते. माझा नाय विश्वास."

"हात लावायचा नाय," मी ओरडलो. पदरात दोन लेकरं आहेत तिच्या.

"मग राहू देऊ तशीच?"

तिनं पुन्हा विचारलं. मी फोन बायकोकडे दिला. तो तिच्या हातात ठरेना, म्हणून मीच धरून तिच्या कानाला लावला.