नळापाशी

मधल्या सुट्टीत रिंकी शाळेच्या नळावर ओंजळीने पाणी पीत होती. तिचे आईवडील बिहारहून इथे बांधकामावर आलेले. तिच्याच वर्गातली मनीषा मागून तिच्या सुरात म्हणाली, "हमको पानी पीना है!" सगळ्या मुली हसल्या. तोंड न पुसताच रिंकी बाजूला झाली.

मी त्यांची वर्गशिक्षिका. मनीषाच्या वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. "घरात हेच शिकवतो का तुला?" मनीषा रडली नाही. तिला सवय असावी. निघताना फाटकात रिंकीची आई लेकीला न्यायला उभी होती. "ए बिहारी, सरक बाजूला," ते म्हणाले. त्यांचा हात धरून मनीषा बाहेर पडली.

मी रिंकीच्या आईला थांबवलं, तर तिनेच हात जोडले. "मॅडम, हम बाहर के लोग हैं. इसको बोला है, चुप रहा कर."

त्या दोघी गेल्यावर मी वर्गात येऊन फळा पुसला. पाढे शिकवता येतात, कविता पाठ करून घेता येतात. पण एकीला घरून मार मिळतो, दुसरीला गप्प राहण्याची ताकीद, आणि सकाळी दोघी तेवढंच घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. त्यावर माझा खडू काय करणार?

मनीषा आता कुणाची नक्कल करत नाही. नक्कल करायला रिंकी काही बोलतच नाही.