कार्ब्युरेटर लख्ख केला त्याची गोष्ट

लग्न होऊन तीन महिने झाले होते, तेव्हा मी सासरच्या ट्रकचा कार्ब्युरेटर चिंच लावून घासला. तेवढ्यावर थांबले असते तर नव्या सुनेचा वेडेपणा म्हणून खपून गेलं असतं. पण मी सातवी पास होते, आणि आमच्या वेळची सातवी पास मुलगी कुठलंही काम अर्ध्यावर सोडत नसे. म्हणून मी त्याच्या आतल्या दोन पितळी खिळ्यांची भोकंसुद्धा गोधडीच्या दाभणानं सारखी करून ठेवली.

हे नातवाला सांगितलं तर तो म्हणतो, "आजी, आता गाड्यांना कार्ब्युरेटर नसतोच." तो महाळुंग्याच्या कंपनीत आहे, त्याला ठाऊक असणार. मला मात्र नव्या सुनांची काळजी वाटली. बिचाऱ्यांनी बिघडवायचं तरी काय?

तर कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र कालवून इंजिनाला पाजणारं भांडं. तेव्हा मला हेही माहीत नव्हतं. मी पुण्याच्या पेठेतून निघोज्याला आलेली. सासरी पाऊल टाकताना मनात अशी समजूत की, या खेड्यातल्या लोकांना आता जरा वळण लागेल. वळण लावायला पहिला ट्रकच सापडला.

तो ट्रक लढाईनंतर लष्करी लिलावात घेतलेला. चढ आला की खोकायचा आणि मधेच बसायचा, मामंजींसारखाच. पण आमच्या ह्यांचा जीव त्याच्यात होता. माझ्यात यायला अजून अवकाश होता.

त्या वर्षी पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. एका कंत्राटदाराला मुरूम वाहायला गाड्या हव्या होत्या. त्याचा निरोप आला, "दसऱ्याला दुपारच्या आत भरलेली खेप माळावर आणा. आली तर गाडी कामाला ठेवतो, नाहीतर दुसरी बघतो." मामंजींनी त्यावर आपला निकाल जोडला. हे काम मिळालं नाही तर दसरा झाल्यावर ट्रक विकायचा आणि ह्यांनी मुकाट औत धरायचं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, माझी भाजी बिघडली.

नवरात्रातल्या अष्टमीला चाकणहून मिस्त्री आले. लष्करी वर्कशॉपात हात तयार झालेला माणूस. त्यांनी कार्ब्युरेटर उतरवला, सुटा केला, सगळे भाग घमेल्यात पेट्रोलमध्ये बुडवून ओट्यावर ठेवले आणि सांध्यात बसवायचं नवं गॅस्केट आणायला चाकणला गेले. जाताना मामंजींना बजावलं, "ह्याला कुणाचा हात लागू देऊ नका." मामंजींनी ते ह्यांना सांगितलं. ह्यांनी बायकोला सांगायचं काही कारणच नव्हतं. गाडीशी माझा काय संबंध?

इकडे सासूबाई म्हणजे आमच्या आत्याबाई मला म्हणाल्या, "उद्या खंडेनवमी हाय. घरातलं यकूनयेक पितळ घासून काढ."

यकूनयेक म्हणजे यकूनयेक. समया झाल्या, घंगाळ झालं, तांबे झाले. मग ओट्यावरच्या घमेल्याकडे लक्ष गेलं. आत बारीकसारीक पितळ काळंकुट्ट होऊन पडलेलं. मनात म्हटलं, बघा, हे लोक यंत्राची पूजा करतात आणि आतून कधी धूत नाहीत! चिंच आणली, राख आणली. अर्ध्या तासात सोन्यासारखं करून टाकलं. त्यात ते दोन खिळे होते, मिस्त्री त्यांना जेट म्हणत. दोघांना आरपार भोक, पण एकाचं मोठं आणि एकाचं अगदी बारीक. कारागिरानं कंटाळा केलेला दिसतोय, असा मी निष्कर्ष काढला. दाभण घेऊन बारकं भोक फिरवून फिरवून मोठ्याएवढं केलं. उजेडाकडे धरून पाहिलं. दोन्हींतून सारखाच उजेड! स्वतःवर इतकी खूश मी पुढे बाळंतपणातही झाले नाही. सगळं पुन्हा पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं.

मिस्त्री परत आले तेव्हा कंदील लावायची वेळ झाली होती. घमेल्यातली चमक बघून म्हणाले, "पेट्रोल ब्येस हाय राव तुमचं!" आणि बसवून मोकळे झाले. जेटची भोकं दुपारच्या दुपारी वाढतात, हे काही त्यांना लष्करात शिकवलं नव्हतं. त्यांना गाडी लगेच चालू करून बघायची होती, पण मामंजी म्हणाले, "आता उद्या पूजा झाल्याबिगर न्हाई."

खंडेनवमीला सकाळी देवापुढं फाळ, विळे, कुऱ्हाड मांडली. मिस्त्रींची पान्यांची पिशवीही मामंजींनी मानानं तिथंच ठेवली. ट्रकला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला, ह्यांनी हँडल मारलं. ट्रक सुरू झाला आणि मागून असा काळा धूर सोडला की मामंजींचं ठेवणीतलं धोतर बुक्का लावल्यासारखं झालं. दोन आचके दिले आणि बंद. पुन्हा हँडल, पुन्हा धूर, पुन्हा बंद. चौथ्यांदा धूरही आला नाही. नुसता पेट्रोलचा वास.

"पाना द्या माजा," मिस्त्री म्हणाले.

"पूजेतलं हत्यार आज हालायचं न्हाई," मामंजी म्हणाले.

"मग उद्याचा मुरूम काय पाटीत नेता, आबा?"

झालं. मामंजी भडकले. "काल काय बसवलंस त्ये सांग आदी! चांगली गाडी हुती माजी."

"चांगली हुती तर मला कशापायी बोलवलं? धा वर्सं मिलिटरीच्या गाड्या केल्या मी. असला धूर माज्या हातनं कदी निगाला न्हाई."

"आज निगाला की! ऊठ, हो चालता. चाकणच्या बाजारात समद्यांना सांगतो तुजी मिस्त्रीगिरी."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. हे तर चाकाला टेकून खाली बसले होते, बघवत नव्हतं. मी दाराआड उभी. तीन महिन्यांत मामंजींसमोर मी एक शब्द बोललेली नव्हते, तशी रीतच होती. तिथं माझं पहिलं वाक्य बाहेर पडलं, तेही शाळेत धडा म्हणावा तसं खणखणीत:

"भोकं मी सारखी केली."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आत्याबाई म्हणाल्या, "कसली भोकं गं?"

मी सगळं सांगितलं. चिंच, राख, दाभण. सांगताना "कारागिराचा हलगर्जीपणा" असा शब्दही वापरला. अजून आठवला की अंगावर काटा येतो. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले.

"अवो बाई, दोन्ही सारखीच पायजे असती तर कारखान्यानं दोन कशाला दिली असती?"

हा प्रश्न सातवीच्या परीक्षेत नव्हता. बारक्या जेटनं जरासंच पेट्रोल सोडायचं असतं, मिस्त्री म्हणाले. ते मोठं झालं म्हणून इंजिनाच्या नाकातोंडात पेट्रोल गेलं.

"आता पुण्यासनं जेट आणायचा कवा?" हे पहिल्यांदा बोलले. "आज खंडेनवमी, उद्या दसरा. दुकानं बंद."

मिस्त्री म्हणाले, "भोक कथलानं बुजवून नवं पाडाया येतंय. पन पाना पायजे."

सगळे मामंजींकडे बघायला लागले. मामंजी देवाकडे. तेवढ्यात आत्याबाई उठल्या, पूजेतली पिशवी उचलली, कपाळाला लावली आणि मिस्त्रींच्या हातात दिली. "देवाला म्या बघती. तुमी गाडी बघा."

मिस्त्रींनी जेट काढला, चुलीत तापवलेल्या कांडीनं कथील वितळवून भोक बुजवलं. मग मला विचारलं, "बारीक सुई हाय?" माझ्या रुखवतात मणी ओवायच्या सुया होत्या, केसाएवढ्या. एक आणली तर मिस्त्री हातात घेईनात. "माजी बोटं जाड, नजर मंद. तुमीच पाडा. पन या बारीला मी थांब म्हनलं की थांबायचं. पुढं अक्कल चालवायची न्हाई."

मग ओट्यावर, भर सकाळी, सासऱ्यासमोर बसून मी कथलात भोक पाडलं. डोक्यावरचा पदर दोनदा घसरला. जरा टोचलं की मिस्त्री जेट ओठाला लावून फुंकायचे, कान द्यायचे. "आनखी. आनखी जरा. थांब!" मी थांबले. आयुष्यात सांगितल्यावर लगेच थांबल्याची माझी ती एकमेव नोंद.

प्लग पुसून, सगळं बसवून दुपारी हँडल मारलं. ट्रक सुरू झाला, आणि धूर नव्हता. हे धावत जाऊन मागं बघून आले, पुन्हा पुढं आले, पुन्हा मागं गेले. मामंजी धोतर बदलायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दसऱ्याला हे मुरूम भरून पहाटेच निघाले. दुपार झाली, कलली. मी दहा वेळा पाणी आणायला बाहेर गेले. घरात तेव्हा पाणी ओसंडत होतं. दिवस मावळता ट्रक दारात आला. हे खाली उतरले, डोक्यापासून पायापर्यंत तांबडे. आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"ठेवली," हे म्हणाले आणि ओट्यावरच आडवे झाले.

जरा वेळानं मिस्त्री सोनं द्यायला आले. मामंजींना आपट्याची पानं दिली, मामंजींनी त्यांना मिठी मारली, कालचं कुणीच काढलं नाही. मग मी पदर सावरून पाया पडायला वाकले, तेव्हा माझ्या हातावर पान ठेवून ते म्हणाले, "हात लई चांगला हाय सूनबाई तुमचा. डोकं जरा मागनं येतंय, येवढंच."