डिक्कीतला रंग

परवा फाटक घासताना जुन्या ऑइलपेंटची पूड नाकात गेली आणि एकोणीसशे साठनंतरची एक सकाळ आठवली. अमरावतीचं आमचं अंगण आणि माझी जुनी मोटार.

त्या दिवशी अकरा वाजता अकोल्याच्या एका शाळेत बायकोची, कमलची, नोकरीसाठी मुलाखत होती. आदल्याच आठवड्यात मी सीटखालची बॅटरी डिक्कीत हलवली होती. जाड वायर दोनदा मोजून घेतली होती आणि ॲसिडनं पत्रा खाऊ नये म्हणून डिक्कीला रंगाचे दोन हात दिले होते. पण बटण दाबलं की नुसतं 'टक्' व्हायचं. दिवे मिणमिणायचे. वायर तीनदा सोडून तीनदा कसली, हँडल मारून दंड भरून आले.

इस्त्रीचं पातळ नेसून कमल दारात उभी होती. "सात वाजले. तुमचं चालू द्या, मी एसटीनं चालली."

ती गेल्यावर शेजारचे दौलतराव मिस्त्री डिक्कीत वाकले. "काहून जी, अर्थिंगची वायर रंगावर कसली? रंगातून करंट बॉडीत जाईन कसा?" त्यांनी बोल्टाखालचा रुपयाएवढा रंग खरवडला. मोटार पहिल्याच बटणाला सुरू झाली.

बडनेऱ्याच्या थांब्यावर मी एसटी गाठली. "उतर, झाली दुरुस्त!"

"राहू द्या," खिडकीतून ती म्हणाली, "हे एसटी बी चालूनच राहिली."

तेव्हा फार चिडलो होतो. तिला वेळेवर पोचायचं होतं आणि मला मोटारीनंच पोचवायचं होतं, हे आज दिसतं. अकोल्यापर्यंत मी त्या एसटीच्या मागं धूळ खात गेलो.