सिस्टरांचा निळा चित्रक

"बघू, धरतंय का," असं म्हणायचं आणि हाताची माती झटकायची. सिस्टरांची कुठलीही गोष्ट अशीच संपायची. दुधाच्या रिकाम्या पिशवीत फांदी खोचली, बघू, धरतंय का. कोपऱ्यातल्या घरातल्या मुलाचं लग्न झालं, बघू, धरतंय का. मला कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी लागली तेव्हाही पेढा तोंडात टाकून त्या हेच म्हणाल्या. आई त्यांच्यावर आठवडाभर रुसली होती.

सिस्टर म्हणजे निमोण्याकडच्या उपकेंद्रात उभी नोकरी काढलेल्या नर्सबाई. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या सोसायटीतही ते कुणी घेत नसे. शिक्रापुरात हायवेपासून थोडं आत, ट्रकचे हॉर्न ऐकू येतील एवढ्यावर, आमची रो-हाउसं आहेत. दोन रांगा, मध्ये रस्ता आणि प्रत्येक घरापुढे मातीची अरुंद पट्टी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत.

अशी माणसं तुमच्याही आसपास असतील. त्यांच्याकडून औषध विचारून घेतलं जातं, इंजेक्शन टोचून घेतलं जातं, पण हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं राहून जातं. दरवर्षी राहून जातं. सिस्टर बौद्ध होत्या आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे. आम्हीही बौद्ध आहोत. आमच्या दारावर मात्र बाबांचं पहिलं नाव तेवढं आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. झाडांची मराठी नावं मला सिस्टरांनी शिकवली. त्यांच्या पट्टीवर एकच झाड होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नर्सरीवाले त्याला प्लंबॅगो म्हणतात. सिस्टर निळा चित्रक म्हणायच्या. पाच पाकळ्यांची फिकट निळी फुलं, झुबक्यांनी येणारी. उपकेंद्राच्या कुंपणावरून आणलेल्या दोन फांद्यांपासून त्यांनी सगळी रांग केली होती.

"हाच का लावला?" मी एकदा विचारलं.

"शेळी खात न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "तिकडं उपकेंद्रात दुसरं काय ठेवलंच न्हाई शेळ्यांनी. पाणी कमी लागतं, लाड लागत न्हाईत. एकदा धरला की वर्सानुवर्सं हालत न्हाई. माझ्यासारखाच हाय."

छाटणीच्या बाबतीत त्या कठोर होत्या. थंडी सरली की रांग गुडघ्याच्याही खाली आणायच्या, नुसत्या काड्या उरायच्या. आईला ते बघवायचं नाही. "अहो सिस्टर, जीव घ्याल त्याचा." त्या मान वर न करता म्हणायच्या, "जुन्या फांदीला फूल येत न्हाई, वहिनी. नव्या फुटीला येतं. न कापता माया करणारी माणसंच झाडं मारतात." त्यांचं बोलणं असंच असायचं. त्यातला थोडा भाग आपल्यासाठी असतो, अशी शंका यायची. फुलांचा देठ चिकट असतो. सोसायटीतल्या मुली ती फुलं कानाच्या पाळीला चिकटवून कुडी म्हणून मिरवायच्या. सिस्टर रागवायच्या, पण हाकलायच्या नाहीत.

मग एका वर्षी छाटणीनंतरची फूट चांगली झाली आणि एप्रिलमध्ये, नेमक्या जयंतीच्या आठवड्यात, सगळी रांग एकदम निळी झाली. हिरवं पान शोधावं लागत होतं. निळा रंग आमच्या भागात कुणाचा समजतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. तो झेंड्याचा आहे, मिरवणुकीचा आहे. आणि आता तो आमच्या रस्त्यावर होता, गेटमधून शिरताच पहिल्यांदा दिसणारा.

समोरच्या घरातले इंजिनियर बाइक थांबवून म्हणाले, "काय सिस्टर, जयंतीची तयारी वाटतं?"

"झाडाला कॅलेंडर दिसत न्हाई, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

ते हसले. मग रोज कुणी ना कुणी तेच विचारू लागलं, आणि हसणं कमी कमी होत गेलं.

मे महिन्यात सिस्टर एका लग्नाला दौंडला बहिणीकडे गेल्या. दुपारी उन्हात सोसायटीचा वॉचमन एकटाच त्यांच्या पट्टीवर वाकलेला मी खिडकीतून पाहिला. मला वाटलं, गवत काढतोय. मी ऑनलाइन काम करत होते, कानात हेडफोन. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा पट्टी उकरलेली होती आणि गेटजवळ फांद्यांचा ढीग सुकत पडला होता.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या. पिशवी हातात धरूनच पट्टीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या. घरात गेल्या, दार लावून घेतलं.

संध्याकाळी वॉचमन त्यांच्या दाराशी आला, दोन्ही हात पुढे धरून. चित्रकाचा चीक आणि मुळांचा रस कातडीला लागला की भाजल्यासारखे फोड येतात. तो गोरखपूरकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि हातमोजेही दिले नव्हते. पंजे सुजले होते, बोटांच्या बेचक्यांत पाणी भरलेले फोड होते.

सिस्टरांनी त्याला पायरीवर बसवलं. मला हाक मारली, "पातेल्यात गार पाणी आण, आन् स्वच्छ फडकं." मी त्यांच्या शेजारी बसून पाणी ओतत राहिले.

"किसने बोला निकालने को?" त्यांनी विचारलं.

"कमिटी से बोला, मैडम."

"काहे के लिए?"

"वो नहीं बताया. बोले, साफ कर दो." थोडं थांबून तो म्हणाला, "गलती हो गया, मैडम."

"तुझी न्हाई रे बाबा," त्या मराठीतच म्हणाल्या. त्यांनी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. "ज्यानं सांगितलं त्याच्या हाताला बघ, एक फोड नसंल."

त्यांना झाडाचं वाईट वाटलं असेलच. पण त्यानंतर त्यांना जे हवं होतं ते झाड नव्हतं. काढण्याचं कारण एकानं तरी समोर उभं राहून, आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या रविवारी कमिटीच्या बैठकीत त्यांनी तेच मागितलं. मी बाबांबरोबर गेले होते.

चेअरमन कवठे येमाईकडचे बागायतदार. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आवाज मऊ, बोलणं समजुतीचं. "सिस्टर, राग मानू नका. पाण्याचा प्रश्न हाय आपल्याकडं."

"त्याला आठवड्यातनं एकदा पाणी देत होते मी, आप्पा. तुमच्या लॉनला रोज पाइप चालू असतो."

"दाटीत साप येतात," कुणीतरी मागून म्हणालं.

"कुणी बघितला?"

"पोरींच्या कपड्यांना चिकटतं ते," एक बाई म्हणाल्या.

"धुतलं की निघतं. अजून?"

"अहो, सगळ्यांचं एकसारखं दिसावं म्हणून," इंजिनियर म्हणाले. "इतकंच आहे. तुम्ही उगाच वेगळा अर्थ काढताय."

"मी कुठं अर्थ काढला, साहेब? मी कारण इचारते. वेगळा अर्थ कोणता, तो तरी सांगा."

आप्पांनी घसा साफ केला. "असं करू, सिस्टर. त्यातच पांढरा येतो म्हणे. पांढरा लावा. सोसायटीच्या खर्चानं आणून देतो. किती शोभंल बघा."

"म्हंजी पाणी लागणार न्हाई त्याला? साप येणार न्हाईत? चिकटणार न्हाई?"

मग चहा आला आणि बैठक पार्किंगच्या विषयावर गेली.

त्या रात्री नाही, दोन दिवसांनी बाबा त्यांच्याकडे गेले. त्यांना सिस्टरांची काळजी होती. ती खरी होती, हे मला माहीत आहे. मी चहाचे कप घेऊन मागे उभी होते. "सिस्टर, लावून टाका पांढरा," बाबा म्हणाले. "झाडच तर आहे. आपल्याला इथंच राहायचंय."

सिस्टरांनी चहा फुंकून घेतला. "लावते की, भाऊ. तुम्ही दारावर आडनाव लावा, मी पांढरा लावते."

बाबा चहा संपवून घरी आले. त्या वर्षी आमच्या दाराला नवा रंग दिला. पाटी जुनीच राहिली.

सिस्टर पावसाळाभर विचारत राहिल्या. भाजीच्या गाडीपाशी, गेटवर, औषध घ्यायला आलेल्याला इंजेक्शन देता देता. "आप्पा, आठवलं का कारण?" पहिल्यांदा लोकांना त्याची गंमत वाटली, मग त्रास व्हायला लागला. बीपी तपासायला येणारे हायवेवरच्या दवाखान्यात जाऊ लागले. "जरा विचित्रच झाल्यात सिस्टर, वय झालं," असं कंपनीच्या बसमध्ये माझ्याच शेजारी बसलेली एक जण म्हणाली. मातीच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसले. ते मात्र फक्त त्यांच्याच घरापुढे बसले.

दिवाळीनंतर त्यांनी घर विकलं आणि दौंडला बहिणीशेजारी जागा घेतली. जायच्या दिवशी टेम्पो आला. मागच्या अंगणात, आमच्या भिंतीला लागून त्यांनी चित्रकाची कलमं जगवली होती, हे मलाही तेव्हाच कळलं. पत्र्याच्या डब्यांतली ती रोपं आम्ही दोघींनी टेम्पोत चढवली. काहींना फुलं होती.

निरोपाला फार कुणी आलं नाही. आप्पांच्या पत्नी मात्र आल्या. रस्त्यावर इकडे तिकडे बघून टेम्पोच्या मागच्या बाजूला आल्या, डब्यांवरून हात फिरवला.

"सिस्टर, एक रोप द्या ना मला. लई आवडायची मला ही फुलं. रोज सकाळी खिडकीतनं बघायची मी."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठं लावणार?"

"हितं न्हाई हो. माहेरच्या मळ्यात, पार विहिरीच्या मागं. तिकडं कोण बघतंय."

सिस्टरांनी हातातलं रोप पुन्हा टेम्पोत ठेवलं आणि मागचा फाळका वर उचलून कडी लावली.

"मळ्यात फुलत न्हाई ते, वहिनी," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या कडंलाच फुलतं."

झाडाबद्दल त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

"असं व्हय?" आप्पांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना ते खरं वाटलं होतं. टेम्पो वळेपर्यंत त्या डब्यांकडे बघत उभ्या होत्या.