टोपलीच्या पुढे एक हात

बागेत त्या लोखंडी टोपल्या बसवल्या तेव्हा साताऱ्यात कुणालाच त्यांचा उपयोग कळला नाही. एक खांब, खांबावर जाळीची टोपली, तिच्या वर एक गोल कडं आणि कड्याला लोंबणाऱ्या साखळ्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी त्यात स्वेटर ठेवले, दुपारच्या मंडळींनी वेफर्सची पाकिटं टाकली, आणि एका आजींनी तर निर्माल्य वाहिलं. मग फलक लागला: डिस्क गोल्फ. बागभर विखुरलेल्या नऊ टोपल्या. तबकडी फेकायची, ती पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. साखळीला आपटून टोपलीत पडली की पुढची टोपली. ज्याला कमीत कमी वेळा फेकावी लागेल तो जिंकला.

मला त्या खेळाची हौस होती असं मुळीच नाही. मला घरात बसायचं नव्हतं, एवढंच. आई गेल्यापासून माझं बूड कुठं टेकत नव्हतं. कचेरीतून आले की मी आधी ओटा पुसायचे, मग कपाट आवरायचे, मग आवरलेलं कपाट पुन्हा काढायचे. रविवार तर अंगावर यायचा. कुणी शांत बसलेलं दिसलं तरी मला राग यायचा.

आणि आबा तर दिवसभर शांत बसायचे. माझे वडील कवठे महांकाळकडचे. सगळी हयात मेंढरांमागं गेली. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, रहिमतपूरपर्यंत लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि उन्हाळ्यात परत फिरायचं. आईच्या मागं त्यांनी कळप माझ्या चुलतभावाला देऊन टाकला आणि पाच महिन्यांपूर्वी मी त्यांना साताऱ्याला घेऊन आले. मुलगी असावी तर अशी, असं कचेरीत सगळे म्हणाले. मी ते कौतुक मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आबा इथं असले म्हणजे मला त्या घरी जावं लागणार नव्हतं. आईनं माझ्या डोळ्यांदेखत माजघरात जीव सोडला, आणि तेराव्यानंतर मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. आबांना आणायला गेले तेव्हाही फाट्यावर भाड्याच्या गाडीतच बसून राहिले. त्यांनी कुलूप लावलं, चालत आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती माझ्या पर्समध्ये होती.

इथं आल्यावर आबांचं एक सुरू झालं. जेवताना मध्येच, माझ्याकडं न बघता, काहीतरी म्हणायचं.

"मागलं दार फुगलं आसंल."

मी म्हणायचे, सुताराला फोन करू.

"घोंगड्यांस्नी कसर लागली आसंल."

घोंगडी इथं पण मिळतात, मी म्हणायचे.

"तुझ्या आईनं भोपळ्याचं बी राखंत घालून ठेवलंया. औंदा लावलं न्हाई तर उगवायचं न्हाई."

बी दुकानात मिळतं, आबा. असं म्हणून मी त्यांच्या ताटात भाकरी वाढायचे. म्हातारपणी माणूस बडबडतो, असं मी स्वतःला समजावत होते. त्यांना परत जायचंय हे मला कळत होतं, आणि ते एकदा सरळ तसं म्हणाले तर काय करायचं या धास्तीनं मी त्यांना बोलण्याला जागाच ठेवत नव्हते.

तर एका रविवारी मी त्यांना बागेत नेलं. रखवालदाराच्या खोलीत ओळखपत्र ठेवलं की दोन तबकड्या मिळायच्या. तिथं एक निवृत्त सुभेदार स्वतःहून पंच झाले होते. गळ्यात शिट्टी, हातात वही. त्यांनी आबांना नियम समजावले. आबांनी धोतर खोचलं, तबकडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "टाकायचं आन् मागनं चालायचं. मग आमी जल्मभर काय केलं?"

माझी पहिली तबकडी करंजाच्या झाडात अडकली. आबांची मात्र जमिनीला समांतर गेली, शेवटी जराशी वळली आणि टोपलीच्या पलीकडे हातभर अंतरावर पडली. वा, असं सुभेदारसुद्धा म्हणाले. आता जवळून टोपलीत टाकायची, एवढंच राहिलं होतं. आबांनी टाकली. टोपलीच्या उजवीकडून हातभर पुढं. पुन्हा टाकली. डावीकडून हातभर पुढं. एकदाही साखळी वाजली नाही. शेवटी मी ती तबकडी उचलून टोपलीत ठेवली आणि पुढं निघाले.

आम्ही चार रविवार गेलो आणि चारही रविवार हेच. लांबून टाकलेली असो की जवळून, आबांची तबकडी टोपलीच्या एक हात पुढं. मला चीड यायला लागली. माझ्या तबकड्या झुडपात, गटारात, एकदा तर एका काकांच्या पाठीत; पण नऊपैकी दोन-तीन टोपल्या तरी मी खरोखर पुऱ्या करायचे.

चौथ्या रविवारी सुभेदारांनाही राहवलं नाही. "बाबाजी, टारगेट टोपली आहे, टोपली. रोज त्याच जागी चुकता तुम्ही."

"चुकलं कुटं?" आबा म्हणाले. "आवं सायेब, जित्राबाच्या अंगावर दगूड मारत्यात व्हय? पाय मोडतोय. त्याच्या म्होरं हातभर टाकायचा. ते बिचकतंय आन् आपसूक वळतंय. पन्नास वरसात एकीला बी लागू दिला न्हाई."

"आबा, ती टोपली हाय, मेंढरू न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"म्हाईत हाय गं. पर हात ऐकत न्हाई."

ते तबकडी उचलायला वाकले आणि वाकलेल्या अवस्थेतच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बी लावायचं दिस आलं आता तिकडं."

बी दुकानात मिळतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण मी ते म्हणाले नाही. टोपलीच्या पुढं हातभर पडलेली ती तबकडी मी बघत राहिले. फुगलेलं दार. घोंगड्यांची कसर. भोपळ्याचं बी. पाच महिन्यांत हा माणूस एकदाही मला चल म्हणाला नव्हता. मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी भांडायला उठते, तशी उठलेच.

"आबा, सरळ सांगा. तुमाला घरी जायाचंय न्हवं?"

"मला?" ते खरोखरच चकित झाले. "मला काय, मी कुटं बी ऱ्हातो. पाल ठोकून जल्म गेला माझा."

"मग रोज दार आन् घोंगडी कशाला काढताय?"

त्यांनी तबकडी पदराला पुसतात तशी धोतराच्या सोग्याला पुसली. 

"तू सव्वा वरीस नुसती पळती हायस, पोरी," ते म्हणाले. "पळत्या मेंढराला मागनं हाकलं तर ते आनकी पळतंय. त्याच्या म्होरं टाकावं लागतंय."

मी भर बागेत रडले. सुभेदार वही मिटून झाडावर काहीतरी शोधायला लागले.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं गेलो. फाट्यापासून घरापर्यंत आबा माझ्या मागून चालत होते. ते कळपाच्याही मागूनच चालायचे, पण त्या दिवशी मला पाठीवर त्यांची नजर जाणवत होती. दोनदा मी थांबले. ते पण थांबले. कुलपात किल्ली मी आधी उलटी घातली, मग सुलटी केली. आबा अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "हो म्होरं."

आत शिरल्यावर मी आधी मागच्या दाराकडं गेले. दार मुळीच फुगलं नव्हतं, एका हातानं उघडलं. वळणीवरची घोंगडी झटकून बघितली. एकालाही कसर नव्हती. चुलतभावाची बायको दर महिन्याला येऊन ती उन्हात टाकत होती, हे मला मागाहून कळलं. आबांनीच तिला सांगून ठेवलं होतं, आणि किल्लीही एक तिच्याकडं होती.

बी मात्र होतं. माजघरात, फळीवर, आईनं ठेवलं होतं तिथंच, पत्र्याच्या डब्यात. झाकण घट्ट बसलं होतं. मी ते नखांनी उचकटलं, राखेत बोटं घातली आणि एकेक बी बाहेर काढून पदरात टाकायला लागले. तेवीस बिया निघाल्या. पुन्हा चाचपून बघितलं, चोविसावी निघाली. बाहेर आबा कुणाशी तरी बोलत होते. ऊन उंबऱ्यावरून आत आलं होतं आणि तिथून परत फिरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मघापासून खाली बसलेय.